पाणी शुद्ध, पण कशासाठी?

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखरूप)



साठ वर्षे चाललेल्या शाळेत हजेरीपटांची मोठी चळत साठलेली असते. त्यातले एखादे पान उघडून विद्यार्थ्याविषयी निर्णय देता येत नाही. तो त्या दिवशी गैरहजर होता, एवढेच ते पान सांगते. तोच पट वर्षभराचा वाचला, की मूल कोणत्या महिन्यात शेतावर जाते, पावसाळ्यात कोणत्या वाडीची मुले अडकून पडतात, हे सारे दिसू लागते. नदीलाही असाच पट लागतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराने तिच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, तो तपासायचा आणि आलेले आकडे नोंदवायचे, या कामाला जलगुणवत्तेचे संनियंत्रण म्हणतात. शब्द जड आहे. काम मात्र हजेरीइतकेच साधे आणि तितकेच चिकाटीचे आहे.

ते समजून घेण्यासाठी कोलकात्याएवढे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. गंगेचा भागीरथी-हुगळी हा फाटा या महानगराच्या अंगणातून वाहतो. शहराचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने त्यातूनच येते. त्याच्याच घाटांवर माणसे रोज श्रद्धेने स्नान करतात, मुले पोहतात. त्यातूनच इलिश मासा समुद्राकडून वर चढतो आणि बंगाली लोक ज्याला शुशुक म्हणतात तो गंगेतला डॉल्फिन त्यातच श्वास घेण्यासाठी वर येतो. नदी एक, पण तिच्याकडून अपेक्षा तीन; आणि प्रत्येक अपेक्षेची कसोटी निराळी.

कोलकात्याच्या इतिहासात मराठ्यांचे नाव एका खंदकाशी जोडलेले आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा डिच’ पुरा झालाच नाही आणि १७९९ मध्ये सर्क्युलर रोडसाठी त्याचा बराचसा भाग बुजवण्यात आला. मराठी घोडेस्वार कलकत्त्यात शिरले नाहीत. पण ज्याची भीती कोणी घेतली नव्हती, तो शत्रू शहराच्या आतच होता. घराघरांजवळच्या तळ्यांत, ज्यांना बंगालीत पुकुर म्हणतात त्यांत, तो राहत होता. त्याच तळ्यांवर माणसे अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पटकीने दरवर्षी माणसे मरत होती.

१८८३ च्या डिसेंबरात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आपल्या पथकासह कलकत्त्यात आले. १८८४ च्या आरंभी त्यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. पुढे वस्तीतील साथीचा माग काढताना तोच जिवाणू त्यांना एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी तो जिवाणू १८५४ मध्येच पाहिला होता. पण रोगी, जिवाणू आणि पाणी यांची साखळी कलकत्त्यात जोडली गेली. आज जगभर पिण्याच्या पाण्याची जिवाणूंसाठी तपासणी होते, तिच्या पूर्वसूरींत त्या तळ्याचेही स्थान आहे.

त्याआधीच, १८७० च्या सुमारास, शहराच्या उत्तरेला हुगळीकाठी पलता येथे जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले होते. नदीचे पाणी संथ तलावांत निवळू द्यायचे, वाळूच्या थरांतून गाळायचे आणि नळाने शहरात आणायचे, अशी ती व्यवस्था होती. गाळलेले पाणी आल्यावर शहरातील पटकीचे प्रमाण घटल्याची नोंद कॉख यांनीही घेतली. पुढे १९११ मध्ये टाला येथील सुमारे ९० लक्ष गॅलन पाणी मावणारी उंच टाकी कार्यान्वित झाली.

परंतु कलकत्त्याने आणखी एक गोष्ट केली. गाळलेले पाणी महाग पडते म्हणून रस्ते धुण्यासाठी आणि आगी विझवण्यासाठी न गाळलेले नदीचे पाणी वेगळ्या नळांतून फिरवले. हिशेब चुकीचा नव्हता. रस्ता धुवायला पिण्याचे पाणी कशाला? पण रस्त्याच्या कडेला वाहणारे पाणी पाहून गरीब माणूस ते ‘रस्त्यासाठी’ आहे असे समजून थांबत नाही. ज्यांच्या घरी गाळलेल्या पाण्याचा नळ नव्हता, त्यांनी त्यावर अंघोळ केली, भांडी घासली, प्रसंगी तहानही भागवली. न गाळलेल्या पाण्याचा हा धोका शहराला पुढे अनेक दशके छळत राहिला. नळ वेगळे करून पाण्याचे उपयोग वेगळे होत नाहीत; ते वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या पाण्याची जात कळावी लागते.

म्हणून ‘नदीचे पाणी शुद्ध आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा : शुद्ध आहे, पण कशासाठी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच प्रश्नावर नद्यांच्या पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. ‘अ’ वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते. त्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५० हून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम असावा. ‘ब’ वर्ग उघड्यावरील स्नानाचा. येथे जिवाणूंची मर्यादा ५०० आणि प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम. ‘क’ वर्गाचे पाणी रीतसर शुद्धीकरण व निर्जंतुकीकरण केल्यावर पिण्यास चालते. तेथे जिवाणूंची मर्यादा ५,००० पर्यंत सैल होते, कारण पुढे गाळण आणि क्लोरिन आहेत. ‘ड’ वर्ग मासे व वन्यजीवांचा. येथे जिवाणू मोजलेच जात नाहीत. प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत हवा. ‘ई’ वर्ग सिंचन आणि कारखान्यांतील शीतकरणाचा. तेथे क्षारांकडे लक्ष दिले जाते.

या यादीत एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. स्नानाच्या पाण्याची जिवाणूंची अट शुद्धीकरण करून पिण्याच्या पाण्याहून दहापट कडक आहे. नळाच्या पाण्याआधी शुद्धीकरण केंद्र उभे असते. घाटावर बुडी मारणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी थेट जाते. त्याच्या आणि नदीच्या मध्ये कोणीही उभे नसते.

हे आकडे येतात कोठून? पाण्याचा नमुना घेणे ही पहिली परीक्षा. बाटली निर्जंतुक हवी, तिचे तोंड प्रवाहाकडे हवे, पृष्ठभागावरचा तवंग आत जाऊ नये म्हणून ती पाण्याखाली नेऊन भरावी. जिवाणूंसाठी घेतलेली बाटली बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. उशीर झाला तर बाटलीतले जिवाणू नदीतल्यासारखे राहत नाहीत.

प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिली. नमुन्यात मँगेनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले, की पाण्यातला प्राणवायू तपकिरी साक्याच्या रूपाने जणू बांधला जातो. पुढे आम्ल घालून मोकळे झालेले आयोडीन मोजले, की प्राणवायूचा हिशेब लागतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू नाही, हे काठावरच कळते. पाणी जितके तापते तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. वैशाखात मासे आधीच काटकसरीवर जगत असतात, हे यावरून समजावे.

दुसरे मोजमाप जैविक प्राणवायू मागणीचे, म्हणजे ‘बीओडी’चे. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, ते त्यावरून कळते. ब्रिटनमधील शाही आयोगाने १९१२ मध्ये त्यासाठी पाच दिवसांची मुदत धरली. तेथील नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. भारतातल्या उबेत जिवाणू अधिक वेगाने काम करतात. म्हणून येथील प्रमाण पद्धतीत २७ अंश तापमान आणि तीन दिवस धरले जातात. स्नानाच्या पाण्यात ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी.

तिसरी तपासणी जिवाणूंची. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू एकेक करून शोधणे कठीण आणि खर्चाचे. म्हणून माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहणारे कोलिफॉर्म जिवाणू मोजतात. ते सगळेच रोग देत नाहीत. पण विष्ठेतले कोलिफॉर्म सापडले, की मैला पाण्यापर्यंत पोहोचला आहे, ही साक्ष मिळते. दुग्धशर्करेच्या द्रावात नमुना ऊबेत ठेवतात. जिवाणू असतील तर वायू सुटतो आणि द्रावातल्या उपड्या लहान नळीत बुडबुडा दिसतो. किती नळ्यांत बुडबुडा आला, यावरून संभाव्य संख्या काढतात. स्नानाच्या पाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असे देशाचे निकष सांगतात.

हुगळीवर नमुना घेणाऱ्याला आणखी एक पथ्य पाळावे लागते. ही भरती-ओहोटीची नदी आहे. दिवसातून दोन वेळा समुद्र तिला मागे लोटतो. ओहोटीला घेतलेला नमुना वरच्या गावांची कथा सांगतो. भरतीला घेतलेल्या नमुन्यात खाली वाहून गेलेले पाणीच परत आलेले असू शकते. म्हणून नोंदीत तारखेबरोबर वेळ आणि भरतीची अवस्था लिहिलेली नसेल, तर आकडा अर्धाच राहतो. शिवाय वरून येणारे गोडे पाणी घटले, की समुद्राचा खारटपणा वर सरकतो. १९६० च्या दशकात उन्हाळ्यात पलत्याच्या पाण्यातही क्षार वाढल्याची चिंता होती. बंदरातला गाळ आणि हा खारटपणा ही दोन्ही दुखणी डोळ्यांसमोर ठेवून १९७५ मध्ये फराक्का बंधाऱ्यातून गंगेचे पाणी कालव्याने हुगळीकडे वळवण्यात आले.

पलता, दक्षिणेश्वर, हावडा-शिबपूर, गार्डन रीच, उलुबेडिया, डायमंड हार्बर, अशा ठाण्यांवर पश्चिम बंगाल प्रदूषण नियंत्रण मंडळ नियमित नमुने घेते. या पटातून जे चित्र उमटते ते विचार करायला लावणारे आहे. विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण बहुधा समाधानकारक असते. जिवाणूंची संख्या मात्र मर्यादेच्या कितीतरी वर जाते. म्हणजे तीच नदी माशाच्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते आणि स्नानाच्या कसोटीला नापास होते. २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोंदींच्या आधारे पश्चिम बंगालमधील गंगेचा संपूर्ण पट्टा स्नानास अयोग्य असल्याचे नमूद केले. दररोज २५ कोटी लिटरहून अधिक सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जात असल्याचेही त्या वेळी समोर आले. १९८६ ची गंगा कृती योजना, २०१४ नंतरची नमामि गंगे, शुद्धीकरण केंद्रे, हे सारे झाल्यावरचे हे चित्र आहे. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ते सांडपाण्याच्या वेगाला पुरे पडले नाहीत, हे नोंदीमुळेच ठामपणे म्हणता येते.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. गंगाजल वर्षानुवर्षे नासत नाही, मग त्याला जिवाणूंचे भय कशाचे? या श्रद्धेला शास्त्राचा थोडा आधारही आहे. आग्र्याचे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा शोध पुढे लागल्यावर त्याचा अर्थ काहीसा उलगडला. परंतु नदीच्या अंगच्या गुणालाही सीमा असते. मोजणीत आज दिसणारे जिवाणू हे त्या गुणाला पुरून उरलेले जिवाणू आहेत. श्रद्धेचा अपमान प्रयोगशाळा करीत नाही; तो नदीत सोडलेला मैला करतो.

जलचरांची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून या विषयाचा अभ्यास करीत आहे. इलिश समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यासाठी चढतो. एके काळी तो प्रयागपर्यंत जात असे. फराक्क्याच्या बंधाऱ्याने ती वाट अडली. प्राणवायू पुरेसा, अमोनिया मर्यादेत, तरी मासा नाही. पाण्याच्या बाटलीत वाट मावत नाही, खोलीही मावत नाही. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून निवडला गेलेला डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो, आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतो. त्याच्यासाठी बोटींचा गोंगाट आणि मासेमारीची जाळीही पाण्याइतकीच महत्त्वाची. म्हणून जीवसृष्टीसाठीच्या संनियंत्रणात रसायनांबरोबर मासे, किडे, शेवाळ यांचीही गणती लागते.

याच शहराच्या पूर्वेस त्या प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर आहे. कोलकात्याचे बरेचसे सांडपाणी हुगळीत न जाता पूर्वेकडील पाणथळ भूमीत जाते. तेथील ‘भेरी’ नावाच्या उथळ तलावांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून ती घाण पचवतात आणि त्यावर रोहू, कटला, मृगळ पोसले जातात. सुमारे १२,५०० हेक्टरांची ही भूमी २००२ मध्ये रामसर यादीत आली. तिचे महत्त्व जगापुढे मांडण्याचे श्रेय ध्रुवज्योती घोष या अभियंत्याला जाते. पिण्याला सर्वथा निषिद्ध असलेले पाणी येथे अन्न देते. मात्र कारखान्यांतले जड धातू त्यात मिसळले, तर ही किमया बिघडेल. तपासणी तेथेही सुटत नाही, तिचा प्रश्न तेवढा बदलतो.

आता मुख्य मुद्दा. एवढी नोंद होते, तिचे पुढे काय? ती अहवालात जाते, संकेतस्थळावर जाते, न्यायालयात पोहोचते. ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे, त्या घाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत मात्र ती पोहोचत नाही. २०१८ च्या जुलैमध्ये गंगेच्या हरिद्वारपासून उन्नावपर्यंतच्या पट्ट्याविषयी विचार करताना हरित न्यायाधिकरणाने नेमके यावर बोट ठेवले. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापतात, तर नदीच्या पाण्याविषयी लोकांना का सांगू नये, असा त्याचा आशय होता. दर शंभर किलोमीटरवर पाणी पिण्यास वा स्नानास योग्य आहे की नाही, याचे फलक लावण्याचे निर्देश त्याने दिले. रस्त्यावरच्या न गाळलेल्या नळाने जो धडा कलकत्त्याला दिला होता, तोच हा. वर्गीकरण कागदावर राहिले, तर ते वापरणाऱ्याचे रक्षण करीत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. तरीही २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. कायदा लवकर आला, एवढ्याने पाणी निर्धोक होत नाही. प्रत्येक नदीकाठच्या गावाने आपल्या पाण्याचा आकडा मागितला पाहिजे आणि तो वाचता आला पाहिजे.

वाचता येणे, येथेच शाळेचे काम सुरू होते. तापमापक, आम्लता दाखवणारा कागद, गढूळपणा पाहण्यासाठी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी, एवढ्या साहित्यावर विज्ञानाच्या तासाला नदीची किंवा ओढ्याची दरमहा नोंद ठेवता येते. अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेल्या तबकडीचे हे रूप आजही तितकेच उपयोगी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. मैल्याची बाधा असेल तर ते काळे पडते. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण कोणत्या विहिरीकडे प्रयोगशाळेने आधी पाहावे, हे ती सांगू शकते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हात साबणाने धुऊन आणि पाण्यात न उतरता, हे सारे करता येईल.

दरमहा एक ओळ, वर्षाला बारा. तारीख, वेळ, जागा, पाऊस, आकडे आणि तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. सुट्टीच्या महिन्यात गाळलेली ओळ, अंदाजाने भरलेला आकडा किंवा बरा दिसावा म्हणून बदललेला आकडा यांपैकी काहीही त्यात असू नये. वाईट आकडाही तसाच लिहिण्याची शिस्त, हीच या कामाची खरी परीक्षा आहे आणि ती शाळेतच लागू शकते. पाच वर्षांनी तो पट ग्रामपंचायतीपुढे ठेवला, तर त्याचे वजन कोणत्याही तक्रारअर्जाहून अधिक भरेल.

साठ वर्षे हजेरीपट नेमाने ठेवणाऱ्या या संस्थेला आणखी एक वही जड जाणार नाही. शाळेच्या शतकमहोत्सवाला चाळीस वर्षे उरली आहेत. त्या सोहळ्यात आजच्या विद्यार्थ्यांची नातवंडे बसलेली असतील, तेव्हा गावच्या नदीची चाळीस वर्षांची नोंद त्यांच्या हाती पडावी आणि तिच्या शेवटच्या पानांवरचे आकडे पहिल्या पानांहून बरे असावेत, हीच या हीरक महोत्सवानिमित्त शाळेस मनःपूर्वक सदिच्छा.